मदत हवी आहे: रुग्णवाहिकेवरील डॉक्टरांसाठी उजळणी अभ्यासक्रम

मी बीएएमएस असून ग्रामीण भागात १०८ रुग्णवाहिकेवर आपत्कालीन वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) आणि एसीएलएस (हृदयविषयक प्रगत जीवरक्षण) हे अभ्यासक्रम मी पूर्ण केले आहेत. परंतु त्या प्रमाणपत्रांची मुदत २ वर्षांचीच असते आणि त्यांचा मुख्य भर हृदयक्रिया बंद पडण्यावर आहे, तर आमचे बरेचसे रुग्ण घोणस किंवा मण्यार चावलेले, कीटकनाशक प्यालेले अथवा दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेचे ‘बेसिक इमर्जन्सी केअर’ हे मोफत साहित्य वाचले. पाया म्हणून ते उत्तम आहे, मात्र श्वासनलिकेत नळी घालणे किंवा चालत्या गाडीत व्हेंटिलेटर सांभाळणे यासाठी ते पुरत नाही. यूट्यूबवर साहित्य भरपूर असले तरी त्यातले विश्वासार्ह कोणते, हे ठरवण्यातच वेळ जातो.

इंग्रजीची मला अडचण नाही; माझ्या पायलट (रुग्णवाहिका चालक) सहकाऱ्यांना मात्र मराठीच हवे. इंटरनेट बेभरवशाचे असल्याने साहित्य डाउनलोड करता यावे, आणि प्रात्यक्षिकांसाठी पुण्याला किंवा मुंबईला सलग दोन दिवसांपेक्षा अधिक येणे शक्य नाही.

सर्पदंश, ऑर्गनोफॉस्फेट (कीटकनाशकांतील रसायन) विषबाधा आणि अपघातातील श्वसनमार्ग व्यवस्थापन रुग्णवाहिकेच्या दृष्टीने शिकवणारा, आपण स्वतः केलेला एखादा अभ्यासक्रम सुचवाल का, आणि त्यात पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव कितपत मिळाला?