लॅक्स्टनची खुली शेतं अजून आहेत

कुंपणांच्या कायद्यांनंतर, म्हणजे सामायिक जमिनीला कुंपण घालून ती खासगी करणाऱ्या कायद्यांनंतर, इंग्लंडमधली सामायिक खुली शेतं पार संपली, असं म्हटलं जातं. बहुतेक गावांबाबत ते खरंच आहे, पण नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन त्यातून सुटलं. तिथे वेस्ट, साउथ आणि मिल अशी तीन मोठी शेतं आजही पट्ट्यापट्ट्यांनी कसली जातात. आळीपाळीने एकात गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पड. १६३५चा गावनकाशासुद्धा टिकलाय.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती पाहणी. नोव्हेंबरअखेर गावातलेच पंच गव्हाच्या शेतात फिरून हद्दीवर खुंट्या ठोकतात. कुणी शेतातल्या वाटेवर किंवा राखीव गवताच्या पट्टीवर नांगर घातला असेल, तर पुढच्या आठवड्यात गावच्या पबमध्ये कोर्ट भरतं आणि दंड होतो. त्या न नांगरलेल्या पट्ट्यांवर रानफुलं अजून तग धरून आहेत, तीही या शिस्तीमुळेच.