एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई दुपारी धापा टाकतात, दुधाचं फॅट उतरलं. फॉगर (पाण्याचं बारीक धुकं सोडणारा फवारा) बसवावा का?

प्रश्न (बारामती)
८ संकरित एचएफ गाई, बांधीव गोठा, पत्रे ९ फुटांवर. दुपारी १२ नंतर गाई तोंड उघडं टाकून धापतात, बसत नाहीत, रवंथही कमी. फॅट ३.७ वरून ३.१ वर आलं. पाणी दिवसातून तीनदा पाजतो.

उत्तर १
आधी श्वास मोजा. गाय शांत उभी असताना भकाळीची (बरगड्यांमागच्या खोलगट भागाची) हालचाल ३० सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ६० च्या वर म्हणजे उष्णतेचा ताण. ८० च्या वर गेली तर लगेच अंगावर पाणी आणि वारा. पहाटे ५ लाही मोजा. तेव्हाही श्वास जोरात असेल तर गोठा रात्रीसुद्धा निवत नाही, आणि खरं नुकसान तिथंच होतं.

फॅटचं कारण पोटात आहे. लाळेत नैसर्गिक सोडा असतो. लाळ गळून वाया जाते, रवंथ घटल्याने नवी कमी बनते. त्यात गाय कडबा सोडून नुसतं खाद्य (पेंड, भरडा) खाते, मग पोटात आम्ल वाढतं. रोज १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा दोन वेळच्या खाद्यात विभागून द्या. वैरणीचा मोठा वाटा रात्री ८ नंतर आणि पहाटे टाका.

उत्तर २
एवढ्या ठेंगण्या गोठ्यात नुसता फॉगर नको. हवा दमट होते, घाम सुकत नाही, गाय जास्तच गुदमरते. आधी पंखे. मग मोठ्या थेंबांचा शॉवर पाठीवर १-२ मिनिटं, कातडीपर्यंत भिजेल इतका, आणि त्यानंतर १०-१२ मिनिटं नुसता वारा. हेच चक्र पुन्हा पुन्हा. पाणी कासेवर ओघळू देऊ नका, कासदाह (कासेची सूज) होतो. पत्र्यावर पांढरा चुना मारा. उसाचं पाचटही चालतं, पण वायरिंगपासून लांब ठेवा.

उत्तर ३
मला तर पाण्यातच मोठी चूक दिसते. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटरच्या वर पाणी पिते, आणि धार काढल्यावर सगळ्यात जास्त. बांधलेली गाय तहान लागली तरी थांबूनच राहते. हौद सावलीत, गाईच्या तोंडाशी, २४ तास भरलेला हवा. जागा असेल तर मुक्त संचार गोठा (गाई न बांधता मोकळ्या फिरतील असा) करा.

प्रश्नकर्ता
दोन गाभण गाई आटवल्यात (दूध काढणं बंद केलंय), त्यांनाही शॉवर लागेल?

उत्तर १
हो, नक्की. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशी नव्याने तयार होतात. तेव्हा ताण बसला तर पुढचं अख्खं वेत दूध कमी मिळतं, वासरूही कमी वजनाचं जन्मतं.