मदत हवी आहे: जीवशास्त्राच्या तासाला क्रिएशनिझम, शाळेशी कसं बोलू?

नमस्कार मंडळी,

आम्ही टेनेसीत, नॅशव्हिलपासून तासाभरावर राहतो. लेक इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीला आहे. गेल्या गुरुवारी तिने जीवशास्त्राची वर्कशीट दाखवली. कागदाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘उत्क्रांती’, उजवीकडे ‘निर्मिती’. दोन्हीकडे चार-चार पुरावे लिहायचे आणि खाली, तुम्हाला कोणती बाजू जास्त पटते ते सांगायचं. लेकीने डावीकडे जीवाश्म, डीएनए, देवमाशाच्या शरीरात उरलेली मागच्या पायांची हाडं, असं दाटीवाटीने लिहिलंय. उजवी बाजू कोरी. तिथे लाल पेनाने ‘अपूर्ण’, आणि दहापैकी पाच गुण.

पाच गुण गेल्याचं काही नाही. पण ती मला विचारत होती, "आई, उजवीकडे पुरावा म्हणून काय लिहायचं होतं गं?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, कारण तिथे लिहिण्यासारखा पुरावाच नाही. देवाने सगळे सजीव आज आहेत तसेच घडवले, म्हणजे क्रिएशनिझम, ही श्रद्धा आहे. ज्याची त्याने जरूर जपावी. पण विज्ञानाच्या तासाला ती उत्क्रांतीच्या शेजारी बसवली की मुलांना वाटतं, ही दोन मतं आहेत, आवडेल ते घ्या.

मी सरांना ईमेल केली. ते म्हणाले, राज्याचा कायदाच तशी मुभा देतो. म्हणून दोन रात्री बसून वाचून काढलं. त्यांचा रोख २०१२च्या कायद्याकडे असावा. उत्क्रांती, हवामानबदल अशा विषयांतल्या सिद्धांतांची शास्त्रीय बलस्थानं आणि उणिवा शिकवणाऱ्या शिक्षकाला तो संरक्षण देतो. पण संरक्षण फक्त शास्त्रीय माहितीला आहे, कुठल्याही धार्मिक मताच्या प्रसाराला नाही, हेही त्यातच लिहिलंय. शिवाय १९७३ साली याच राज्याने पाठ्यपुस्तकांत बायबलमधल्या निर्मितीकथेलाही तेवढीच जागा द्या असा कायदा केला होता. तो १९७५ मध्ये फेडरल अपील कोर्टाने रद्द केला. १९८७ मध्ये लुइझियानाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की उत्क्रांतीबरोबर क्रिएशनिझमही शिकवा अशी सक्ती घटनाबाह्य आहे. सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले हे मत (‘इंटेलिजंट डिझाइन’) विज्ञानाच्या तासाला आणणं घटनाबाह्य ठरवणारा, पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरचा २००५चा निकालही वाचला. तो आमच्या राज्यावर बंधनकारक नाही, पण मला धीर आला तो त्यामुळेच. तिथे अकरा पालक कोर्टात गेले होते. त्या मताबद्दल शाळेने दिलेलं निवेदन वर्गात वाचायला विज्ञानाच्या शिक्षकांनीच नकार दिला होता.

म्हणजे कायदा माझ्या बाजूने आहे असं मला वाटतं. अडलंय ते दुसरीकडेच.

सर माणूस म्हणून फार चांगले आहेत. लेकीला शाळा सुटल्यावर थांबून शिकवतात. पुढे कॉलेजसाठी शिफारसपत्र त्यांच्याकडूनच घ्यायचं तिच्या मनात आहे. वर्गात ती एकटीच भारतीय, त्यामुळे नाव न सांगता तक्रार केली तरी कुणाची हे लगेच कळेल. आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, म्हणून नवरा म्हणतो, कशाला वाकड्यात शिरायचं?

सासरे सध्या आमच्याकडे आलेत. त्यांनी सुचवलं, "मग तूही सरांना दशावतार सांग. मत्स्य, कूर्म, वराह, सगळी उत्क्रांतीच आहे की." बाबांना मी म्हटलं, दशावताराची आरती मीही मनापासून म्हणते, पण तोही विज्ञानाच्या तासाला नको. आपल्या कथेला तिसरा रकाना मागितला तर पहिल्या दोघांना नाही म्हणायचा मला हक्क काय राहिला? बाबा थोडे नाराज झाले. पण या मुद्द्यावर मी ठाम आहे.

आता मला हे विचारायचंय. इथे कुणी अशा प्रसंगातून गेलंय का? आधी सरांनाच समोरासमोर भेटावं, की थेट विज्ञान विभागप्रमुखांकडे जावं? प्रिन्सिपॉल आणि स्कूल बोर्ड मला शेवटी ठेवायचेत. वर्कशीटची प्रत, तारीख आणि सरांची ईमेल जपून ठेवली आहे, आणखी काय लागेल? कॅलिफोर्नियातली नॅशनल सेंटर फॉर सायन्स एज्युकेशन ही संस्था अशा पालकांना सल्ला देते असं वाचलं. कुणी त्यांच्याशी बोललंय का? आणि तुमच्यात कुणी इथे हायस्कूलला शिकवत असेल तर कृपया सांगा, पालकाने कुठल्या शब्दांत सांगितलं तर शिक्षकाला तो हल्ला वाटत नाही?

लेकीलाही विचारलं, मी बोलू ना? ती म्हणाली, "बोल, पण सरांना वाईट वाटेल असं नको." मंगळवारी दुपारी साडेतीनला सरांची वेळ मागून ठेवली आहे. त्याआधी उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.