टीवाय सायकॉलॉजी आहे, पुढं काय करू? (कोल्हापूर)

कागलची_टीवाय:
बीएचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. रोज कागलहून एसटीनं ये-जा. घरात सध्या तीन पार्ट्या आहेत: पप्पा म्हणतात बीएड कर, आत्या म्हणते एमपीएससी, आणि आईला वाटतं मला माणसांच्या मनातलं कळतं, त्यामुळं गल्लीतल्या सगळ्या सासू-सुना आमच्याच कट्ट्यावर. मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. एमए क्लिनिकल केलं की क्लिनिक टाकता येतं ना? एक क्लासवाले ६ महिन्यांचा समुपदेशनाचा डिप्लोमा ४० हजारांत देतायत. 'सरकारमान्य' म्हणतात. करू का?

ठोकळेवाली:
बाळ, ४० हजार जपून ठेव. त्या क्लासवाल्याला एवढंच विचार, कोर्स झाल्यावर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळतो का? बघ कसा विषय बदलतो.

आता एमएचं. मीही तुझ्यासारखीच समजत होते. एमए झाल्या झाल्या एका दवाखान्यात टेस्टिंगला लागले. पहिल्याच आठवड्यात राधानगरीकडची एक बाई १२ वर्षांच्या पोराला घेऊन आली, कागदपत्रं रेशनच्या पिशवीत. भाटिया बॅटरी या बुद्धिमत्ता चाचणीतले रंगीत ठोकळे मी त्याच्यापुढं मांडले. कार्डावरची नक्षी जुळवायची होती. त्यानं भिंत बांधली. मस्त, सरळ भिंत. मागून आई, "नीट कर की रं!" आणि माझं स्टॉपवॉच चालूच. मदत करायची नसते, चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नसतं. दोन तास बसले, रिपोर्ट लिहिला, आणि सही? ती आरसीआयची नोंदणी असलेल्या मॅडमची. माझ्या सहीवर त्या पोराला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं नसतं. टेस्ट मी घ्यायची, सही दुसऱ्याची, असं तीन वर्षं चाललं. मग एमफिलला बाहेरच्या राज्यात गेले.

ही दोन वर्षांची, वॉर्डात राबवून घेणारी एमफिल म्हणजेच आतापर्यंत क्लिनिकलचा नेहमीचा रस्ता होता. आरसीआयची मान्यता नसलेल्या नुसत्या एमएवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी लावता येत नाही, मग गुणपत्रिकेवर क्लिनिकल असं छापलेलं का असेना. त्यात यूजीसीनं एमफिलच बंद केली. क्लिनिकलला तेवढी २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली होती. तुझी एमए होईपर्यंत चित्र बदललेलं असणार, म्हणून आरसीआयच्या मान्य कोर्सांची यादी दर वर्षी स्वतः बघ, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नको. साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) हाही एक रस्ता आहे. एमएला ५५ टक्क्यांच्या खाली येऊ नको, खुल्या गटाला नेटला (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) तीच अट आडवी येते, एमफिललाही होती. आणि एमए घरबसल्या करायचा विचार असेल तर सोड. २०२५ पासून यूजीसीनं दूरशिक्षणातलं सायकॉलॉजी बंद केलंय.

शिरोली_एचआर:
ताईंनी जरा घाबरवलंच की! मी पण बीए सायकॉलॉजीच. नंतर एमबीए केलं, आता फाउंड्रीत एचआरला आहे. सायकॉलॉजीचा उपयोग? तिसऱ्या पाळीचा फिटर रजेचा अर्ज घेऊन उभा राहतो, तेव्हा खरं कारण अर्जात नसतं, एवढं कळतं. पगार वेळेवर होतो. कोल्हापूरच्या सायबर कॉलेजला एमएसडब्ल्यूचाही (समाजकार्यातली मास्टर्स) विचार कर.

ठोकळेवाली:
एमएसडब्ल्यू वाईट नाही, त्यातून सायकियाट्रिक सोशल वर्कला, म्हणजे मनोरुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसोबतच्या कामाला, जाता येतं. पण तिला काय व्हायचंय ते तिनं लिहिलंय. शाळेत समुपदेशक म्हणून एमएवर काम मिळतं, सीबीएसई शाळांना लागतातच. फक्त मुलाखतीलाच विचारून घे, नाहीतर बदली तासाला इतिहास शिकवायला लावतात. माझ्या मैत्रिणीनं वर्षभर शिवकाल शिकवला.

कागलची_टीवाय:
ताई, टेस्टिंग कसं चालतं ते बघता येईल का? पप्पांना काहीतरी ठोस सांगायला लागणार.

ठोकळेवाली:
टेस्टिंग चालू असताना आत घेता येत नाही, पोरगं बुजतं. पण मंगळवारी सकाळी ये, मेसेजमध्ये पत्ता टाकते. बाहेरच्या बाकावर पालकांशेजारी बस. पप्पांनाही आण, त्यांनाही बसू दे. डबा घेऊन ये, दोन वाजल्याशिवाय उठायला मिळत नाही.