चर्चच्या वाचनालयासाठी कोणतं सॉफ्टवेअर? (नागपूर)

सदर_वाचनकट्टा
सप्रेम सलाम. चर्चच्या वाचनालयात साधारण १,४०० पुस्तकं आहेत, निम्म्याहून जास्त मराठी. देवघेव रविवारी उपासनेनंतर तासभर. स्वयंसेवक बदलत राहतात, लॅपटॉप एकच, नेट मोबाइलचं. अर्धी यादी कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवावं का?

तालिकाकार
इतक्यात नको. कोहा मोफत आहे, उत्तम आहे, पण ते लिनक्स सर्व्हरवर चालतं आणि सांभाळायला जाणता माणूस कायम लागतो. त्याची बदली झाली की देवघेव अडलीच म्हणून समजा. इन्फ्लिबनेट या सरकारी संस्थेचं 'सोल' हे सॉफ्टवेअर कॉलेज-विद्यापीठांसाठी आहे, तुमच्या कामाचं नाही.

आधी एक्सेलमध्ये यादी करा: दाखल क्रमांक (प्रत्येक प्रतीचा स्वतःचा नंबर), लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, आयएसबीएन, भाषा, वर्गांक (विषयाचा आकडा), कपाट. एका ओळीत एकच प्रत. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आली तर तिला वेगळा दाखल क्रमांक. यादी नीट असली की पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चढते.

दाखल क्रमांक आणि आयएसबीएनचे रकाने टाइप करण्याआधीच 'टेक्स्ट' करा. नाहीतर ०००४५ चं ४५ होतं आणि आयएसबीएन ९.७८ई+१२ असा दिसतो. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, साध्या सीएसव्हीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. कृतिदेवच्या फाइलीत आत रोमन अक्षरंच असतात, त्यामुळे नुसता फाँट बदलून भागत नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करा आणि ऱ्हस्व वेलांटी व रफार डोळ्यांखालून घाला. बिघडतात ते तिथेच.

लेखकाचं नाव एकाच साच्यात हवं: 'टिळक, नारायण वामन'. कुणी 'रेव्ह. टिळक' लिहिलं, कुणी 'ना. वा. टिळक', तर एकाच माणसाची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरतात.

ग्रंथसेवक
वर्गांकाबद्दल. ड्यूई या विषयवार आकडे देणाऱ्या पद्धतीत ख्रिस्ती पुस्तकं बहुतेक २०० मध्येच येतात, म्हणून नुसतं २०० लिहून कपाट लागत नाही. २२० बायबल, २२५ नवा करार, २४२ भक्तिपर, २६४ उपासना, २६६ मिशनकार्य, २६८ संडे स्कूल. मराठी साहित्य ८९१.४६. एवढ्यावर बरंच काम निघतं.

लेबलं थर्मल कागदावर छापू नका, मे महिन्यात बंद खोलीत ती खराब होतात. लेझर प्रिंट घ्या. वरून सेलोटेप लावू नका. उन्हाळ्यात त्याचा डिंक पाझरतो, मग पिवळा पडून लेबलासकट सुटतो.

सदर_वाचनकट्टा
धन्यवाद. पुढे कोहावर जायचं झालं तर मराठी शोध चालतो का?

लिनक्स_बर्डी
चालतो, पण कोहातल्या झेब्रा या शोधयंत्राच्या सेटिंगमध्ये आयसीयू (युनिकोड लिपी हाताळणारी सोय) चालू करून सगळं पुन्हा इंडेक्स करावं, म्हणजे शोधाची सूची नव्याने बनवावी लागते. तसं केलं नाही तर मराठी शब्द नीट सापडत नाहीत. यादीत 'दुसऱ्या'मधला ऱ्य सगळ्यांनी एकाच कीबोर्डवरून टाइप करा. तो दोन प्रकारे साठवला जातो. दिसतो सारखा, शोधात मात्र जुळत नाही. कोहा रोज बॅकअप घेतं, पण त्याच डिस्कवर. दर रविवारी त्याची प्रत पेन ड्राइव्हवर काढा, आणि तो ड्राइव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

तालिकाकार
सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते पुस्तकांच्या यादीत घालू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा. ही यादी पुढेमागे मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाणारच.