मदत हवी आहे: पोटातलं अन्न आणि फुफ्फुसातला ऑक्सिजन भेटतात कुठे?

भाचीचा विज्ञानाचा अभ्यास घेते आहे. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं, त्यामुळे तिच्या प्रश्नांपुढे दमछाक होते. पुस्तकात एक वाक्य आहे, ‘अन्नाचे ऑक्सिजनच्या साहाय्याने ज्वलन होऊन ऊर्जा मिळते.’ तिने विचारलं, अन्न जातं पोटात, हवा जाते छातीत, नळ्या वेगळ्या, मग हे ज्वलन होतं कुठे? मी फुफ्फुसात असं सांगणार होते, पण मग अन्न तिथे कसं पोचतं हे सांगता येईना.

दुसरं, आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. म्हणजे घेतलेल्या ऑक्सिजनलाच कार्बन चिकटून तो बाहेर येतो, असंच ना?

तिसरा प्रश्न माझा. अन्नाशिवाय माणूस काही आठवडे तग धरतो, हवेशिवाय जेमतेम काही मिनिटं. दोन्ही जर ऊर्जेसाठीच लागतात, तर एवढा फरक का?

कृपया लिंक देऊ नका, आधीच खूप वाचून गोंधळ वाढलाय. साध्या भाषेत सांगा.

— शंकेखोर

सूक्ष्मदर्शी:
फुफ्फुसात असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएलाही वाटत होतं, तेव्हा तुम्ही चांगल्या संगतीत आहात. १७८०च्या दशकात त्याने आणि लाप्लासने गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि श्वसन म्हणजे संथ ज्वलनच असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष पक्का होता, फक्त जागा चुकली.

खरी जागा म्हणजे शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी. पिष्टमय पदार्थांचं लहान आतड्यापर्यंत ग्लुकोज होतं. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांतल्या केशवाहिन्या ते शोषून घेतात. तिथून रक्त आधी यकृताकडे जातं. यकृत गरजेपेक्षा जास्त असलेलं ग्लुकोज ग्लायकोजेन करून ठेवतं, उरलेलं पुढे सोडतं. इकडे फुफ्फुसातल्या वायुकोशांमधून ऑक्सिजन रक्तात उतरतो आणि हिमोग्लोबिनला धरून प्रवास करतो. एका रेणूवर चार ऑक्सिजन रेणू बसतात. म्हणजे दोघं एकाच रक्तातून पेशीपर्यंत येतात, पण वाटेत एकमेकांशी काही करत नाहीत.

भाचीला एक गंमत सांगा. पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे बारीक भाग असतात, त्यांना तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) म्हणतात. तांबड्या रक्तपेशींमध्ये त्या नसतात. सगळ्या शरीराला ऑक्सिजन पोचवणारी ही पेशी स्वतःसाठी तो वापरूच शकत नाही.

शंकेखोर:
रक्तपेशींचं ऐकून भाची जाम खूश! पण मग त्या पेशी जगतात कशावर? आणि दुसऱ्या प्रश्नाचं काय?

ऊर्जाप्रेमी:
त्या जगतात ग्लुकोजच्या अर्धवट विघटनावर. पेशीद्रव्यात ग्लुकोजचे दोन तुकडे होतात आणि दोन एटीपी हाती लागतात. या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही. तेच तुकडे तंतुकणिकेत गेले तर एका ग्लुकोजमागे एकूण सुमारे ३० एटीपी मिळतात. एटीपी म्हणजे पेशीत प्रत्यक्ष खर्च होणारी ऊर्जा, स्नायूंच्या आकुंचनापासून चेतापेशीतून संदेश जाण्यापर्यंत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात बहुतेक जण फसतात. श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड होत नाही, त्याचं पाणी होतं! तंतुकणिकेतल्या क्रेब चक्र नावाच्या अभिक्रियांच्या फेऱ्यात (हान्स क्रेब्जने १९३७ मध्ये मांडलेला) त्या तुकड्यांमधले कार्बन एकेक करून सुटतात. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन असतो तो अन्नातला आणि पेशीतल्या पाण्यातला. या सगळ्यात निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतात. साखळीच्या टोकाला ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन घेतो आणि त्याचं पाणी होतं. त्याचं काम एवढंच, पण तो नसेल तर इलेक्ट्रॉनना जायला जागाच उरत नाही आणि मागची सगळी साखळी तुंबते. सायनाइड हेच शेवटचं प्रथिन अडवतं. रक्तात भरपूर ऑक्सिजन असूनही पेशी गुदमरतात.

इलेक्ट्रॉन सरकताना हायड्रोजनचे आयन पटलाच्या एका बाजूला ढकलले जातात. धरणाचं पाणी जनित्र फिरवत खाली यावं तसे ते एका प्रथिनातून परत येतात, ते प्रथिन खरोखर गरगर फिरतं आणि एटीपी तयार होतं. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेलने ही कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा फारसं कुणाला पटलं नव्हतं. १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

पुस्तकातला ‘ज्वलन’ शब्द मला स्वतःला आवडत नाही. ज्वाळेत सगळी ऊर्जा एकदम उष्णता होऊन निघून जाते. इथे बराच भाग एटीपीत अडकवला जातो, उरलेल्याची उष्णता होते, त्यावर शरीर ३७ अंशांच्या आसपास राहतं.

सूक्ष्मदर्शी:
तिसरा राहिला. फरक साठ्याचा आहे. अन्नाचा साठा होतो. ग्लायकोजेन साधारण दिवसभर पुरतं, चरबी कित्येक आठवडे. ऑक्सिजनचं कोठारच नाही. फुफ्फुसं, रक्त आणि स्नायू मिळून शरीरात दीड लिटरच्या आसपास असतो, आणि स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर वापरतो. त्यातला सगळा वापरताही येत नाही. एटीपीही साठवून ठेवता येत नाही, ते सतत बनवावं लागतं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, खर्च जवळजवळ २० टक्के, म्हणून पहिला फटका त्याला बसतो.

वजनदार:
जरा अवांतर. मग वजन उतरतं तेव्हा चरबी जाते कुठे? घामातून?

ऊर्जाप्रेमी:
मुख्यतः नाकातोंडातून! १० किलो चरबी पूर्ण वापरली गेली तर त्यातली साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेलीचं पाणी होतं.

वजनदार:
म्हणजे जोरजोरात श्वास सोडत बसलं की झालं?

ऊर्जाप्रेमी:
नाही हो. 😄 पेशी किती इंधन वापरणार हे त्यांच्या कामावर ठरतं, श्वासावर नाही. विनाकारण भराभर श्वास घेतलात तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येईल, चरबी होती तिथेच राहील. आधी स्नायूंना कामाला लावा, श्वास आपोआप वाढेल.

शंकेखोर:
सगळ्यांचे आभार. ऑक्सिजनचं पाणी होतं हे भाचीला सांगितलं, तर लगेच पुढचा प्रश्न: ते पाणी मग जातं कुठे? मी म्हटलं, शरीरातल्या बाकीच्या पाण्यात मिसळतं आणि लघवी, घाम, श्वासातली वाफ यांतून बाहेर पडतं. बरोबर ना?

सूक्ष्मदर्शी:
अगदी बरोबर. दिवसाला साधारण पाव ते तृतीयांश लिटर असं पाणी शरीर स्वतःच तयार करतं.