मदत हवी आहे: हन्स्पेलच्या मराठी शब्दतपासणीत प्रत्ययांचे नियम कसे लावावेत?

नमस्कार मंडळी,

लिबरऑफिस आणि फायरफॉक्स शब्दतपासणीसाठी हन्स्पेल वापरतात. त्याच्या मराठी कोशात भर घालायची माझी मनापासून इच्छा आहे, कारण बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली लाल रेघ आली की नवशिके स्वतःच्या मराठीवरच शंका घेतात.

कोशाच्या डिक (.dic) फाइलमध्ये मूळ शब्द आणि अॅफ (.aff) फाइलमध्ये प्रत्ययांचे नियम, एवढं समजलं. अडचण सामान्यरूपाची, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं जे बदललेलं रूप होतं त्याची. 'घोडा'चं 'घोड्या' करणारा नियम सोपा आहे, 'पाऊस'चं 'पावसा' वेगळ्या गटात जाईल. पण 'घरातल्यांनाही' घ्या: घरा, तल्या, ंना, ही. हन्स्पेल एकावर एक असे दोनच प्रत्यय सोडवतं.

मग सामान्यरूप डिकमध्येच स्वतंत्र नोंदवावं, की 'तल्यांना'सारखे जोडप्रत्यय अॅफमध्ये तयार ठेवावेत? दुसऱ्या पद्धतीत नियम फार फुगतील असं वाटतं. कानडी, तमिळ किंवा हंगेरियन कोशावर काम केलेलं कुणी आहे का? हन्स्पेल मुळात हंगेरियनसाठीच घडलं, तिथेही प्रत्ययांची रांग लांबच असते.

आणखी एक: पहिला बदल किती मोठा पाठवावा? मी फक्त आकारान्त पुल्लिंगी नामांचा गट, चाचणीच्या शब्दांसह, पाठवायचा विचार करतोय. आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावर चर्चेसाठीची नोंद) उघडून चर्चा करावी की थेट पॅच (केलेल्या बदलांची फाइल) द्यावा? पॅच तपासायला मराठी व्याकरण जाणणारं कुणी तयार असेल तर कृपया कळवा.